केडारसिडिन

केडारसिडिन : अर्बुदरोधी प्रतिजैविक. महाराष्ट्र राज्यातून घेतलेल्या मातीच्या नमुन्यातून विलग केलेल्या एका ॲक्टिनोमायसीट जीवाणूपासून ते प्राप्त झाले असून, ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या अमेरिकन औषधसंस्थेच्या संशोधकांनी १९९१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

पूर्वपीठिका : सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समन व वुड्रफ यांनी १९४० मध्ये मृदाजीवाणूंपासून मिळविलेले ॲक्टिनोमायसीन जंतुनाशक म्हणून वापरण्यास फार विषारी ठरले, परंतु पुढे त्यानेच बालकांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर उपयुक्तता सिद्ध केल्यामुळे, जंतूंना मारणारे द्रव्य कर्कपेशींनाही आवरू शकते, या विचाराला बळ मिळाले. महाराष्ट्रात केडारसिडिनपूर्वीही मातीतून प्रतिजैविके शोधली जात होती; पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात झालेल्या मृदाजीवाणूंच्या शोधातून हॅमायसीन हे कवकनाशक हाती आले.

उत्पादक जीवाणू : अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शनच्या दप्तरी ५३६५० या क्रमांकाने दाखल. वर्गीकरण आरंभी अनिश्चित होते; पुढे स्ट्रेप्टोॲलोटायकस प्रजातीत समावेश.

रचना व क्रिया : केडारसिडिनचे दोन घटक आहेत : एक प्रथिन, आणि त्याच्या कुशीत, म्यानात तलवार असावी तसा, सुरक्षित राहणारा अत्यंत अस्थिर वर्णधारक रेणू. या रेणूतील नऊ कार्बन अणूंच्या वलयात एक द्विबंध व दोन त्रिबंध असतात; योग्य रासायनिक चालना मिळताच वलयाची पुनर्रचना होऊन जो द्विमूलक निर्माण होतो, तो डीएनएच्या शर्करेतील हायड्रोजन हिरावून घेतो व त्यामुळे डीएनएचा धागा तुटतो. हा छेद डीएनएतील विशिष्ट क्रमाच्या ठिकाणी विशेषेकरून होतो. वर्णधारकाच्या प्रथम मांडलेल्या रचनेत १९९७ मध्ये जपानी रसायनज्ञांनी दुरुस्ती सुचविली आणि २००७ मध्ये रसायनज्ञ मायर्स व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत केलेल्या संश्लेषणाने अवकाशविन्यासाचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. प्रथिन स्वतःच हिस्टोनांचे विघटन करते, हे मत विवाद्य आहे.

प्रभाव : उंदरांतील पी-३८८ रक्तार्बुद व बी-१६ कृष्णार्बुद यांवर किलोग्रॅम वजनामागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेत परिणामकारक.

सजातीय द्रव्ये : निओकार्झिनोस्टॅटिन (जपान), कॅलिकिॲमायसीन (टेक्सस), डायनेमायसीन (गुजरातची माती).

वैद्यकीय उपयोग : केडारसिडिन औषध म्हणून प्रचारात आलेले नाही; मात्र त्याच्या वर्गातील कॅलिकिॲमायसीनपासून तयार केलेले द्रव्य प्रतिपिंडाला जोडून रक्तकर्करोगावर वापरले जाते.