विश्रामबागवाडा: पेशव्यांचा महाल, आजीचं पोस्ट

आजचा भाग पुण्यातल्या एका वाड्याबद्दल आहे. खरं तर तीन वाड्यांबद्दल. त्यातला एकच आज उभा आहे, आणि तो का टिकला हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय.

सुरुवात अगदी साधी. काही वर्षांपूर्वी मला एक स्पीड पोस्ट करायचं होतं. घरून काम चालू होतं, दोन मीटिंगच्या मधे पटकन जाऊन यायचं होतं. आजी म्हणाली, "अगं, विश्रामबागेतल्या पोस्टात जा, तिथे गर्दी कमी असते." मी गेले, रांगेत उभी राहिले आणि सहज वर बघितलं. डोक्यावर दोनशे वर्षांपूर्वीचा पेशव्यांचा महाल! मी बीटेकपर्यंत शिकले, तुळशीबागेत हजार वेळा खरेदी केली, आणि त्याच बाजीराव रस्त्यावरच्या या वाड्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आजीसाठी मात्र ते "पोस्ट" होतं. विषय संपला.

तर आधी वाड्याची गोष्ट.

१८०२ च्या ऑक्टोबरमध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणं सोडून वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह केला. मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या फौजेसोबत ते पुण्यात परतले, पुन्हा गादीवर बसले. बाहेर काय चाललं होतं? युद्धात प्रदेश उजाड झालेला, त्यात १८०३-०४ चा भयानक दुष्काळ. आणि याच सुमारास बाजीरावांनी स्वतःसाठी नवा वाडा बांधायला घेतला. साधारण सहा वर्षं काम, खर्च सुमारे २ लाख रुपये, असं सांगतात. सत्ता दुसऱ्याच्या हातात गेलेली, लोक उपाशी, आणि इकडे सागवानावर नक्षी कोरली जातेय. हे मी मुद्दाम सांगतेय. जुनी वास्तू सुंदर असते म्हणून तिची गोष्टही सुंदर असते, असं नाही.

पण सुंदर आहेच हो ती! रस्त्यावरून बघितलं की दारावर पुढे आलेला लाकडी सज्जा दिसतो. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यावर केळफुलाची नक्षी. आत एकामागे एक तीन चौक. शनिवारवाड्यासारखे बुरूज नाहीत, तटबंदी नाही. हा किल्ला नव्हताच, नावाप्रमाणे विश्रामासाठी बांधलेलं घर होतं.

तो विश्राम काही फार टिकला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये आधी खडकीला, मग येरवड्याला लढाई झाली. बाजीराव निघून गेले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या जूनमध्ये बाजीरावांनी शरणागती पत्करली. वर्षाला ८ लाख रुपये पेन्शन घेऊन ते कानपूरजवळ बिठूरला गेले, ते परत आलेच नाहीत.

आता इथे थांबा. मालक गेला, राज्य गेलं. अशा वाड्याचं काय होतं? शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, आणि आज आपण तिथे जाऊन जोती आणि कारंजी बघतो. विश्रामबागवाड्याचं तसं झालं नाही, कारण त्याला नोकरी लागली!

पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटत. एल्फिन्स्टनपुढे प्रश्न होता की ही दक्षिणा बंद केली तर पुणं नाराज होणार, आणि नुसती वाटत राहिलं तर पैसा असाच जाणार. मग त्यातूनच संस्कृत पाठशाळा काढायची ठरली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी ती या वाड्यात सुरू झाली. सुरुवातीला प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांना. म्हणजे इमारतीचा मालक बदलला, पण दार कोणासाठी उघडायचं हा नियम जवळपास जुनाच राहिला.

या दक्षिणेवरून पुढे वाद झाला. १८४९ मध्ये सुधारकांनी मागणी केली की यातला काही पैसा मराठी पुस्तकांसाठी वापरा. शहरात मोठी खळबळ उडाली. मागणी करणाऱ्यांच्या बाजूने एक तरुण उभा होता, जोतीराव फुले. त्यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाई तिथे शिकवत. त्यापायी दोघांना घर सोडावं लागलं होतं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी तारीख. १६ नोव्हेंबर १८५२. याच विश्रामबागवाड्यात, मेजर कँडींच्या हस्ते, सरकारच्या वतीने जोतीरावांचा शाल देऊन सत्कार झाला. कशासाठी? मुलींना शिकवल्याबद्दल. शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं त्याला त्या दिवशी एक दिवस कमी ३५ वर्षं झाली होती. पेशव्यांनी स्वतःच्या ऐषारामासाठी बांधलेला वाडा, जिथे ठरावीक मुलांनाच प्रवेश होता, तिथे एका माळ्याच्या मुलाला शाल पांघरली जातेय! मी त्या चौकात उभी होते तेव्हा हे आठवून अंगावर काटा आला.

पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं, त्याचंच डेक्कन कॉलेज झालं, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेलं. इकडे वाड्यात सरकारी हायस्कूल. मग मे १८७९ मध्ये आग! विश्रामबागवाड्याचा पुढचा भाग जळाला, बुधवारवाडाही जळाला. तो काळ वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा. सरकारला प्रत्येक ठिणगीत बंड दिसत होतं. संशय इतका वाढला की न्यायमूर्ती रानड्यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांच्या टपालावर पाळत ठेवली गेली.

बुधवारवाडा त्या आगीनंतर संपला. विश्रामबागवाडा मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभा राहिला. पेशव्यांच्या घरासाठी लोकांनी पैसे दिले असतील का? मला नाही वाटत. तोपर्यंत ते पेशव्यांचं घर उरलंच नव्हतं, आपल्या मुलांची शाळा झालं होतं.

पुढे नगरपालिकाच इथे राहायला आली. १९५० मध्ये पुणे महानगरपालिका झाली आणि १९५९ पर्यंत शहराचा कारभार इथून चालला. म्हणजे ज्या घरात शेवटचा पेशवा राहिला, तिथेच नंतर निवडून आलेले लोक पाण्याच्या नळावरून भांडले. मला तर ही बढती वाटते.

ऑफिसं मात्र वाड्याला जपत नाहीत, नुसती वापरतात. लाकडी पार्टिशन, वायरिंग, खांबांवर ऑइलपेंटचे थरावर थर. २००० नंतर महापालिकेने टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार केला. अशा कामात काय करतात ते समजून घेतलं तेव्हा मला माझंच काम आठवलं. आधी रंगाचे थर उतरवायचे, म्हणजे लाकडाची खरी अवस्था कळते. खांब खालून कुजला असेल तर अख्खा बदलायचा नाही, कुजलेला तुकडा काढून तिथे नवं सागवान सांधायचं. भिंतींना सिमेंट नाही, चुना लावायचा, कारण जुन्या भिंतींना ओल बाहेर टाकावी लागते. सिमेंट ती आत कोंडतं आणि भिंत आतून फुगते. जुना कोड दुरुस्त करणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? आधी वाच, मग हात लाव. आणि चालू सिस्टिम बंद पाडू नकोस. इथेही पोस्ट चालूच राहिलं, आणि आत "पुनवडी ते पुण्यनगरी" हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आलं.

आता दुसरा वाडा. विश्रामबागवाड्यातून निघालात तर दहा मिनिटांत चालत दगडूशेठ गणपतीसमोर पोचाल. तिथे भिडेवाडा होता, मुलींच्या शाळेचा. खाजगी मालकी, भाडेकरू, दुकानं, वर्षानुवर्षं कोर्टात केस. दरम्यान वाडा ढासळत गेला. निकाल लागला तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला गेला. तिथे आता राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. विचार करा, सत्काराची जागा शाबूत राहिली, पण ज्या कामासाठी सत्कार झाला त्या कामाची जागा गेली.

आणि तिसरा वाडा कुठल्याच यादीत नाही. नारायण पेठेत, दोन खोल्यांत, माझी आजी चाळीस वर्षं भाड्याने राहिली. भाडं इतकं कमी की मालकाला कौलं बदलायलाही परवडायचं नाही. भाडेकरूंना जायला दुसरी जागा नव्हती. चूक कोणाची? कोणाचीच नाही, किंवा सगळ्यांची थोडी थोडी. मी शाळेत असताना तो पाडला, आणि मी खूश झाले होते, कारण नव्या बिल्डिंगला लिफ्ट येणार होती. आजी शेवटच्या दिवशी दाराची कडी काढून घेऊन आली. ती कडी अजून तिच्या कपाटात आहे.

मला वाटायचं की वास्तू टिकते ती मोठ्या माणसाच्या नावामुळे. पण भिडेवाड्याला जोतीराव-सावित्रीबाईंपेक्षा मोठं नाव कुठून आणणार? विश्रामबागवाडा टिकला तो दोन गोष्टींमुळे. एक, त्याला सतत काहीतरी काम होतं. आणि दोन, शेवटी तो कोणा एकाचा न राहता शहराचा झाला. प्रत्येक वाड्याचं असं होऊ शकत नाही, हे आजीच्या वाड्याने मला शिकवलं. पण ज्यांचं होऊ शकतं, त्यांचं वेळेत व्हायला हवं.

परवा आजीला हे सगळं सांगितलं. फुल्यांचा सत्कार, आग, महापालिका. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चांगल्या पोस्टात पाठवत होते मी तुला!"

तुळशीबागेत जाल तेव्हा दोन मिनिटं रस्त्याच्या पलीकडे उभे राहा आणि मान वर करा. तुमच्या गावात असा कामाला लागलेला जुना वाडा असेल, शाळा, वाचनालय, दवाखाना, काहीही, तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या!