साहेबाचे कट्टे आणि युरेनियम

विजयदुर्गच्या किल्ल्यांत कांहीं जुने चौथरे आहेत. त्यांस लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८६८ सालच्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं लॉकियरसाहेबानें येथूनच हेलियमचा शोध लाविला, असें आमच्या कोंकणांत मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. कथा गोड आहे. परंतु इतिहास तिला पुष्टि देत नाहीं. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लॉकियर इंग्लंडांतच होता. तो विजयदुर्गास आला तो पुढें, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं.

मात्र या हेलियमचें पुढील चरित्र दंतकथेहूनही अद्भुत आहे. १८९५ सालीं रॅम्से यास तो वायु पृथ्वीवर सांपडला, तो एका युरेनियमयुक्त खनिजांत! तो तेथें आला कसा? युरेनियमचे परमाणु आपोआप झिजत असतां जे अल्फा-कण बाहेर पडतात, ते हेलियमचेच होत, हें पुढें रदरफोर्डनें दाखविलें. १९३८ च्या अखेरीस हान व स्ट्रासमान यांच्या प्रयोगांतून तर न्यूट्रॉनच्या आघातानें हा परमाणु दुभंगतोही, असें निष्पन्न झालें.

तथापि सर्व युरेनियम सारखें नव्हे. १००० किलोंत अवघें ७ किलो २३५ भाराचें असतें. मंद न्यूट्रॉननें सहज फुटणारें, म्हणजे विखंडनक्षम, तेवढेंच. उरलेलें २३८ भाराचें. तें न्यूट्रॉन गिळून अखेर प्लुटोनियम बनतें, आणि तेंही विखंडनक्षमच. अशा १ ग्रॅम द्रव्याचें पूर्ण विखंडन झाल्यास सुमारें अडीच-तीन टन कोळशाची उष्णता मिळते.

या शक्तीचीं दोन्ही रूपें आपण पाहिलीं. ट्रॉम्बेच्या 'सायरस' भट्टींतील प्लुटोनियमचा १९७४ सालीं पोखरणास स्फोट झाला. तारापूरनें १९६९ पासून वीज दिली. वीजभट्टीच्या इंधनांत २३५ भाराचें युरेनियम बहुधा शेकडा ५ हून अधिक नसतें. अस्त्रास शेकडा ९० च्या आसपास लागतें. म्हणून वीजभट्टी बॉम्बप्रमाणें फुटत नाहीं. परंतु तिचे अवशेष हजारों वर्षें किरण सोडीत राहतात, हेंही तितकेंच खरें.

आतां हा प्रश्न विजयदुर्गच्या उंबरठ्याशीं आला आहे. उत्तरेस जैतापूर-माडबन येथें सुमारें १०,००० मेगावॅटचा प्रकल्प योजिलेला आहे. २०११ सालीं त्यावरील आंदोलनांत गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. कट्ट्यांची कथा ऐकीव निघाली, तरी कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. येथें मात्र ऐकीव अभिमान आणि ऐकीव भीति, दोन्ही महाग पडतील. ज्याचें जाळें त्या पाण्यांत पडतें, त्या कोळ्यास पुरी माहिती मिळणें, हा त्याचा हक्कच होय.