आजीचे बारा तोळे

अकोल्याच्या आमच्या घरात 1960 सालाची ओळख ‘बँक बसली ते साल’ अशी होती. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचं मॅट्रिक, सगळं त्याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं. लक्ष्मी बँकेत आमचा एक नवा पैसाही नव्हता. तरी ती बुडाल्याची हकिगत घरात इतकी ऐकली की आमचंच काही गेलं असावं, असं लहानपणी वाटे.

आजोबा कापूसबाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. ते सांगत, “लक्ष्मी चंचल असते हे पोथीत ऐकलं होतं, अकोल्यात डोळ्यांनी पाहिलं.” बाजारात दिवसभर एकच विचारणा चाले, “पैसे भेटतीन का?” उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण बँक बुडाली तर ठेवीदाराला भरपाईची हमी देणारा विमाच देशात नव्हता. शिल्लक मालमत्ता विकून जे येईल ते, आणि येईल तेव्हा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बंद झाली. ती त्या राज्यातली सर्वांत मोठी बँक. रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून उच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या लहान बँकांसमोर रांगा लागल्या. आजोबांनीही घरचे पैसे काढून पोस्टात टाकले. पलाईचे दोष 1951 पासूनच्या तपासण्यांत दिसत होते. मग इतकी वर्षं गप्प का बसलात, असा जाब संसदेत विचारला गेला, आणि एकाएकी टाळं का लावलंत, असाही. दोन्ही प्रश्न रिझर्व्ह बँकेला झोंबणारे होते. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी तिची बाजू लावून धरली, पण ठेवींना विमा हवा ही गोष्ट आता टाळता येण्याजोगी राहिली नव्हती.

21 ऑगस्ट 1961 रोजी ठेव विमा महामंडळाचं विधेयक आलं, डिसेंबरात त्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून 287 बँकांतल्या ठेवींना संरक्षण मिळालं. हप्ता शंभर रुपयांमागे वर्षाला पाच पैसे, तोही बँकेने भरायचा. भरपाईची मर्यादा माणशी दीड हजार रुपये.

आजोबांनी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा आजी तांदूळ निवडत होती म्हणे. तिने सुपातून मान वर न करता विचारलं, “दीड हजार म्हणजे किती तोळे?” सोनं तेव्हा एकशेवीसच्या आसपास होतं. “बारा,” आजोबा म्हणाले. “मग ठीक आहे,” आजी म्हणाली. पोरीचं लग्न बारा तोळ्यांत निभतं, एवढाच तिचा हिशेब. आजोबांचे पैसे मात्र पोस्टातच राहिले.

पुढे बाबा एका बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि घरातलं पोस्टाचं राज्य संपलं. पितळी टोकनं, हाताने लिहिलेले लेजर, महिनाअखेरीला ताळा जमेपर्यंत थांबायचं. आजीचा तो प्रश्न मात्र बाबांनी नोकरीभर जपला. मर्यादा वाढली की ते तिला तोळ्यांत सांगत. 1968 मध्ये पाच हजार झाले, तीसेक तोळे. 1980 मध्ये तीस हजार, बाविसेक तोळे. सहकारी बँकाही मधल्या काळात विम्याखाली आल्या. आजी खूश.

1992 च्या रोखे घोटाळ्यात आमच्याच महाराष्ट्रातली बँक ऑफ कराड गेली. रोखे हातात नसताना बँक रिसीट फाडल्या गेल्या, त्यात तिचं नाव होतं. त्या घोटाळ्यावर रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. बाबा तिच्या बातम्या पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. दिवसाकाठी शेकडो व्हाउचरांवर सही करणाऱ्या माणसाला, पावती कशी फाडली आणि ती तपासली कुणी नाही, याचं वैषम्य जास्त. 1993 च्या मे महिन्यात विम्याची मर्यादा एक लाख झाली. अदमासे चोवीस तोळे. ही वाढ ऐकायला आजी होती. पुढची ऐकायला नव्हती.

कारण पुढची वाढ यायला सत्तावीस वर्षं लागली. तेवढ्या काळात सोनं कुठल्या कुठे गेलं. 2020 उजाडलं तेव्हा त्या लाखात अडीच तोळे येत होते. रुपयाचा आकडा जागच्या जागी होता, म्हणून कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. दरम्यान 2017 मध्ये सरकारने लोकसभेत एक विधेयक आणलं. त्यातल्या एका कलमाने, बुडत्या बँकेला सावरताना विम्यापलीकडच्या ठेवींनाही कात्री लागू शकली असती. निवृत्तांच्या कट्ट्यावर भीतीचं वादळ उठलं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये मागे घेतलं गेलं.

पुढच्याच वर्षी, 23 सप्टेंबर 2019 रोजी, भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेच्या ग्राहकांना कळलं की रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे आता खात्यातून हजार रुपयेच काढता येतील. त्यानंतरच्या अर्थसंकल्पात मर्यादा पाच लाख झाली आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाली. बाबांनी त्या दिवशीचा भाव पाहिला, कागदावर भागाकार केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बारा तोळे. साठ वर्षांच्या खटाटोपानंतर कायदा बरोबर आजीच्या हिशेबावर येऊन थांबला होता.

पण मर्यादा हा अर्धाच भाग. पैसे केव्हा मिळणार, हा दुसरा. जुन्या कायद्यात बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात निघाल्यावरच सहसा विमा मिळे. बँक निर्बंधांखाली लोंबकळत राहिली, तर ठेवीदारही लोंबकळत. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला 2022 मध्ये. मधल्या काळात औषधपाण्याचा खर्च कुणाचा थांबत नाही. 2021 मध्ये संसदेने दुरुस्ती केली: निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. बँकेने पंचेचाळीस दिवसांत दाव्यांची यादी द्यायची, उरलेल्या पंचेचाळिसात महामंडळाने तपासून पैसे पाठवायचे. बाबांच्या मते गेल्या साठ वर्षांतली ही सर्वांत कामाची दुरुस्ती.

बँक बुडाली तर पैसे जातात हे सगळ्यांना कळतं. बँक उत्तम चालली असताना जातात ते बाबांना जास्त खुपतात. पासबुक भरून आणलं की ते भिंग घेऊन बसतात. ‘एसएमएस चार्जेस 17.70’ या ओळीखाली रेघ. पंधरा रुपये आकार, वर अठरा टक्के जीएसटी, दर तिमाहीला. “मोबाइल माझा, पैसा माझा, निरोप यांचा, आणि हमाली मीच द्यायची,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ही रेघ एकट्याच्या पासबुकात क्षुल्लक दिसते. सगळ्यांच्या मिळून किती, ते संसदेत विचारल्यावर कळतं. किमान शिलकीचा दंड, एटीएमचे जादा व्यवहार आणि एसएमएस या तीन नावांखाली सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी 2018 पासून 35 हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा केल्याचं ऑगस्ट 2023 मध्ये राज्यसभेत सांगितलं गेलं. त्यात 21 हजार कोटी केवळ किमान शिलकीचे, म्हणजे ज्यांच्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते अशांकडून घेतलेले. विचारण्याने फरकही पडतो. स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर 2017 मध्ये हा दंड 1,771 कोटी वसूल केल्याचं उघड झालं. तिच्या त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्यापेक्षा हा आकडा मोठा होता. ओरड झाली, दंड घटला आणि मार्च 2020 मध्ये तो रद्दच झाला.

आता सोन्याचा भाव तोळ्याला लाखापार गेला आहे. विम्याच्या पाच लाखांत पाच तोळेही येत नाहीत. मर्यादा महागाईशी बांधलेली नाही, त्यामुळे ती वाढावी म्हणून पुन्हा एखादी बँक बसण्याची वाट पाहायची की आधीच विचारायचं, हे खासदारांनी ठरवायचं आहे. आणि आपल्या राज्यात गावोगावच्या पतसंस्थांत लोकांनी आयुष्याची पुंजी ठेवली आहे, तिला या महामंडळाचा विमा मुळीच नाही. दोन टक्के व्याज जास्त मिळतं म्हणून आमच्या चुलत्यांनी तिथे पैसे ठेवले, तेव्हा बाबांनी त्यांना विमा आहे का ते विचारून यायला सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने हसून विचारलं, “काका, संचालक ओळखीचे आहेत ना तुमच्या?” आजोबांच्या काळात बाजारात उत्तर नव्हतं, चुलत्यांना हे असलं मिळालं. सहकार हा राज्याचा विषय, तेव्हा आता दिल्लीकडे बोट न दाखवता मुंबईच्या विधानभवनात विचारायला हवं.