वाचनखूण की खूणगाठ?

बुकमार्क म्हणजे पुस्तकाच्या दोन पानांत सरकवलेली पट्टी, मराठीत वाचनखूण. वेबवरचा दुवा जपण्यालाही हाच शब्द चिकटला, पण तो तिथे नीट बसत नाही. पट्टी पुस्तकातच राहते. जपलेला दुवा मात्र आपल्याकडे आणि पान भलतीकडे. पान उडाले तरी खूण उरते. हे काम खूणगाठीचे : लक्षात ठेवायची गोष्ट बाहेर, गाठ आपल्या पदराला. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेल्या ‘डिलिशस’ या दुवे जपण्याच्या सेवेने तर एकाच दुव्याला हव्या तितक्या शब्दांच्या चिठ्ठ्या लावायची सोय दिली, कागदी पट्टीला हे कुठून जमणार? (मायक्रोसॉफ्टने अशा दुव्यांना ‘फेव्हरिट्स’ म्हटले, पण जपलेले सगळेच कुठे आवडते असते!)

आक्षेप असा, की मनाशी खूणगाठ बांधणे म्हणजे ठाम निश्चय, साठवण नव्हे. पण तो लाक्षणिक अर्थ; मूळ गाठ कापडाची, आठवणीसाठी मारलेली. शिवाय ती सुटतेही. ‘पॉकेट’ ही दुवे जपण्याची सेवा जुलै २०२५मध्ये बंद झाली, तेव्हा वेबवरची पाने जागच्या जागी होती. सुटल्या त्या गाठी. वाचनखूण रूढ आहे, ब्राउझरच्या मेनूत ती खुशाल राहो. दुवे निवडून, नावे देऊन लावणाऱ्या साधनांना मात्र खूणगाठच शोभेल.