वैद्यकीय ग्रंथपाल आणि संशोधन : सूचीग्रंथांचा विसर

वैज्ञानिक संशोधनात ग्रंथपालाचे कार्य केवळ ग्रंथांच्या देवघेवीपुरते मर्यादित नाही, हे वैद्यकाच्या इतिहासावरून दिसून येते. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सर्जन जनरलच्या ग्रंथालयाची धुरा वाहताना १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची मासिक सूची सुरू केली. बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची आखणीही त्यांचीच.

दुर्दैव असे की, याच संस्थेत जून २००१ मध्ये दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम श्वासावाटे घेतलेल्या २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. संशोधकाने पबमेडवर शोध घेतला होता. परंतु त्यातील नोंदी तेव्हा मुख्यतः १९६६ पासूनच्या होत्या. या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेविषयीचे लेख १९५० च्या दशकातील. छापील सूचींचे जुने खंड चाळले असते तर ते हाती लागू शकले असते. जुलैमध्ये केंद्रीय निधीवर चालणारे तेथील बहुतेक मानवी संशोधन काही दिवस स्थगित झाले. प्रयोगाची आखणी होत असताना अनुभवी ग्रंथपाल सोबत असता, तर पबमेडमधील नोंदी कोणत्या वर्षापासूनच्या आहेत, हा प्रश्न त्याने सर्वप्रथम विचारला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.