सैन्याची परदेशी रवानगी आणि भारतीय संसद

परदेशात सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, असे बंधन भारतीय संविधानात नाही. अनुच्छेद ५३(२) नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असले, तरी निर्णय मंत्रिमंडळच घेते. संसदेच्या हाती राहतात त्या अनुदानाच्या मागण्या, प्रश्नोत्तरे, तहकुबी प्रस्ताव आणि १९९३ पासून संरक्षणविषयक स्थायी समिती. यांपैकी बहुतेक साधने सैन्य रवाना झाल्यावर उपयोगी पडतात, हा या व्यवस्थेतील मोठा दोष आहे.

अलिप्त भारताची पहिली मोठी कसोटी कोरियात लागली. १९५३ च्या युद्धबंदीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाने घेतला. दलप्रमुख होते कोल्हापूर भागातील वडगावचे मेजर जनरल शं. पां. पाटील-थोरात. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर पाय ठेवू न दिल्याने जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः छावणीत शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. तटस्थता तिथे जवानांच्या संयमावर टिकली. अशा कामगिरीवर माणसे धाडताना लोकप्रतिनिधींची संमती पाठीशी असणे हा त्यांचा हक्कच मानायला हवा.

आयर्लंडच्या १९६० च्या कायद्याने तो मानला: बारांहून अधिक सशस्त्र सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या दलात धाडायचे, तर तेथील कनिष्ठ सभागृहाची मंजुरी लागते.

भारतात १९८७ साली उलट घडले. २९ जुलैला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि लगोलग भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. संसदेत पूर्वसंमतीचे मतदान झाले नाही. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत अकराशेहून अधिक जवान कामी आले. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांपैकीच. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

इराकच्या वेळी मात्र संसद आधी बोलली. एप्रिल २००३ मध्ये, मनोहर जोशी अध्यक्ष असताना, लोकसभेने इराकवरील हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला. ठराव बंधनकारक नव्हता, पण तो डावलणे सरकारला सोपे राहिले नाही. अमेरिकेने सैन्य मागितले असता १४ जुलैला सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचे सांगून नकार कळवला.