भाड्याचं सॉफ्टवेअर: एक जुनी गोष्ट

गेल्या वर्षभरात आमच्या प्रभाग संघाच्या बैठकीत एक नवा खर्च सारखा निघतो आहे. गिरणीचं वीजबिल, पॅकिंगच्या पिशव्या, बाजाराला जाणाऱ्या टेम्पोचं भाडं हे सगळं आपल्या ओळखीचं. आता त्याच वहीत ‘ॲपचे पैसे’ असा एक रकाना आला आहे, आणि तो दर वर्षी फुगतो आहे.

मसाले-पापड करणाऱ्या आमच्या एका गटाचा हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून मांडला. बिल करायचं ॲप वर्षाला ३,६०० रुपये. पहिल्या वर्षी ते १,५०० ला मिळालं होतं. लेबलची डिझाइन करायचं ॲप महिन्याला ५०० म्हणजे वर्षाचे ६,०००. फोटो आणि फाइली ठेवायची जागा १,३००. ग्राहकांना एकदम मेसेज पाठवायची सेवा महिन्याला २५० म्हणजे ३,०००. बेरीज झाली १३,९००. गटात दहा जणी, दर महिन्याची बचत प्रत्येकी शंभर. म्हणजे दहाही जणींची वर्षभराची बचत १२,००० आणि ॲपचं भाडं त्याहून जास्त! बेरीज ऐकून बैठकीत कुणी काही बोललंच नाही.

मग एका ताईंनी विचारलं, “पूर्वी सीडी विकत आणली की झालं, असं होतं ना? मग हे भाडं कधी सुरू झालं?” प्रश्न चांगला होता. आजचं बोलणं त्यावरच.

खरं म्हणजे भाडं आधी आलं आणि विक्री नंतर. १८९० साली अमेरिकेत जनगणना झाली, तेव्हा हर्मन हॉलरिथ नावाच्या माणसाची मोजणी यंत्रं वापरली गेली. जाड कागदाच्या कार्डाला भोकं पाडायची आणि यंत्राने ती भोकं मोजायची. हॉलरिथने ही यंत्रं सरकारला विकली नाहीत, भाड्याने दिली. त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांमध्ये मिळाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. आयबीएमनेही तीच रीत चालू ठेवली. यंत्र भाड्याचं, आणि त्यात घालायची कार्डं मात्र आमचीच घ्या, अशी अट. मिक्सर भाड्याने द्यायचा आणि मसालाही आमच्याकडचाच वाटा म्हणायचं, तसला प्रकार. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कार्डाची अट बेकायदा ठरवली. पुढे १९५६ मध्ये सरकारबरोबर झालेल्या तडजोडीत आयबीएमला कबूल करावं लागलं की ज्याला यंत्र विकत हवं असेल त्याला ते विकतही द्यायचं.

त्या काळात सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नव्हती. यंत्राबरोबर ते येई, गाडीबरोबर स्टेपनी यावी तसं. जून १९६९ मध्ये आयबीएमने जाहीर केलं की यापुढे यंत्राचे पैसे वेगळे आणि बऱ्याच सॉफ्टवेअरचे वेगळे. त्या वेळीही कंपनीवर मक्तेदारीच्या खटल्याचं सावट होतं. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू म्हणून उभी राहिली ती तेव्हापासून.

पुढे घरात आणि दुकानात मावणारे संगणक आले. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर निघालं. आज आपण एक्सेलमध्ये रकाने भरतो त्याची ही थोरली बहीण. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते, एवढ्या एका गोष्टीसाठी व्यापाऱ्यांनी संगणक विकत घेतले. आपल्याकडे १९८६ मध्ये टॅलीची सुरुवात झाली. श्यामसुंदर गोएंका यांच्या धंद्याला चालेल असं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने ते लिहायला घेतलं. तालुक्याच्या गावी ‘टॅली येतं का?’ हा नोकरीच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न होता, हे आपल्यापैकी कित्येकींनी अनुभवलंय. त्या काळचा व्यवहार सोपा होता. एकदा पैसे मोजले की सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर. नवी आवृत्ती घ्यायची की जुनीवरच भागवायचं, ते आपण ठरवायचं.

आता विकत घेतलं म्हणजे सगळं आपलं झालं, असंही नव्हतं. हे आपल्याकडे मराठी टाइप करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, शाळेच्या प्रश्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांत नव्वदच्या दशकात पुण्याचंच बनलेलं मराठी सॉफ्टवेअर असायचं. कुणाकडे सी-डॅकचं, कुणाकडे मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी. अशा सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल येई, संगणकाच्या पाठीमागे लावायचा छोटा खटका. तो लावला नाही तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. दुकानदार तो दागिन्यासारखा जपत. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी चौकोन, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. दहा वर्षांचे अहवाल एकाच फॉन्टमध्ये असतील तर त्या फॉन्टशी तुमची गाठ पक्की. दुकान बदला, संगणक बदला, फॉन्ट तोच घ्यावा लागणार.

ती गाठ सोडवली युनिकोडने. १९९१ मध्ये आलेल्या या मानकात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला गेला. विंडोजमध्ये देवनागरीची सोय २००० सालच्या आवृत्तीत आली, आणि २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या साधनांच्या मोफत सीडीही काढल्या. आज आपण फोनवर मराठीत लिहितो आणि ते समोरच्या कुठल्याही फोनवर तसंच दिसतं. आपलं लिखाण कुणा एकाच्या फॉन्टमध्ये अडकत नाही. आमच्या मते मराठी माणसाचे संगणकावर सगळ्यात जास्त पैसे कशाने वाचले असतील तर ते यानेच.

भाडं परत आलं ते इंटरनेटवरून. १९९९ मध्ये अमेरिकेत सेल्सफोर्स ही कंपनी निघाली. सॉफ्टवेअर आमच्याकडे ठेवा, तुम्ही फक्त इंटरनेटवरून वापरा आणि दर महिन्याला पैसे द्या, असा तिचा धंदा. लहान धंद्याला ते बरंही होतं, कारण एकरकमी मोठी रक्कम लागत नव्हती. हप्त्याने शिलाई मशीन घेणाऱ्या आपल्यासारखीला ते लगेच समजेल. मात्र मशीनचे हप्ते फिटले की मशीन आपली होते. इथे हप्ते फिटतच नाहीत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस ३६५ आणलं. मे २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केलं की फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणीवर मिळतील. हजारो वापरकर्त्यांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. कंपनी बधली नाही.

मोफतचीही हीच गत. गूगलने धंद्यांसाठीची मोफत ईमेल सेवा डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केली आणि २०२२ मध्ये जुन्या धंद्यांनाही पैसे भरायला सांगितलं. फोटोंचं तर तुम्हाला माहीतच आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये हवे तितके फोटो मोफत ठेवता येईनात, पंधरा जीबीत बसवा नाहीतर जागा विकत घ्या. तोवर लेकरांच्या बारशापासूनचे फोटो तिथेच जमा झालेले. ते कोण पुसणार?

आधी स्वस्त किंवा फुकट, मग आपला माल त्यांच्या कोठारात जमतो, मग भाडं वाढतं. मसाल्याच्या गटाचंही हेच झालं होतं. बिलाच्या ॲपमध्ये तीन वर्षांची गिऱ्हाइकांची उधारी होती. सगळी नोंद एका तक्त्यात बाहेर काढायची सोय मात्र त्याहून महागड्या योजनेतच होती. म्हणजे ३,६०० रुपये ॲपसाठी कमी आणि स्वतःच्याच उधारीच्या यादीसाठी जास्त.

आणखी एक गुंता आपल्या गटांपुरता आहे. गटाचं खातं दोन-तीन सह्यांचं, त्याला कार्ड नसतं. म्हणून ॲपचे पैसे कुणा एकीच्या खात्याला जोडले जातात. इथे ते जुन्या अध्यक्षताईंच्या खात्याला जोडलेले होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे आपोआप जाणारे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला कळवायचं, आणि तिला तिथेच नको म्हणता आलं पाहिजे. मेसेज आलाही. तो ताईंच्या मुलाच्या फोनवर आला आणि तिथेच राहिला. पैसे कापले गेले, ताईंनी ते गटाकडे मागितले, आणि दोन बैठका वादात गेल्या. नियम चांगला आहे, पण नंबर योग्य माणसाचा हवा. यूपीआयवर ऑटोपे लावताना जास्तीत जास्त किती रक्कम कापता येईल हेही लिहून येतं. ती वरची मर्यादा वाचल्याशिवाय पिन टाकू नका. कंपनीने उद्या दर वाढवला तर त्या मर्यादेपर्यंत पुन्हा विचारलं जाणार नाही.

गटाने मग काय केलं? बिलाचं ॲप वर्षाऐवजी एकच महिना वाढवून घेतलं. त्या महिन्यात दोघींनी रोज संध्याकाळी बसून उधारी एका साध्या तक्त्यात उतरवली. त्यासाठी लिब्रेऑफिस वापरलं. ते मोफत आहे, २०१० पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालतं आणि त्यातली फाइल आपल्या संगणकावर राहते. लेबलचं ॲप बारा महिने कशाला हवं? नवी लेबलं दिवाळीला आणि उन्हाळी वाळवणाला लागतात. म्हणून दोनच महिने, १,००० रुपये. मेसेजची सेवा बंद करून फोनमधल्या ब्रॉडकास्ट यादीवर आणली. फाइलींची जागा ठेवली. वही लिहिणाऱ्या ताईंचं काम वाढलं, म्हणून त्यांना महिन्याला ३०० रुपये मानधन ठरवलं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बाईचा वेळ फुकट धरला की कुठलाही हिशेब स्वस्त दिसतो. मानधन धरून वर्षाचा खर्च ५,९०० झाला. ८,००० वाचले, आणि त्यातले ३,६०० तर गटातल्याच बाईच्या हातात गेले.

सगळ्यांनी हेच करावं असं नाही. आमच्याच भागातला दूध-पनीरचा एक गट रोज ऐंशीच्या वर बिलं फाडतो. त्यांनी बिलाचं ॲप ठेवलं आणि ते बरोबरच आहे, हाताने लिहायला एक माणूस लागलं असतं. त्यांनी फक्त दर महिन्याच्या शेवटी नोंदी बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवायला सुरुवात केली. जीएसटीच्या भीतीने सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनी एवढं पाहावं की वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या नोंदणीकृत धंद्यांसाठी जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये मोफत बिलिंग सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिलं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

पुढच्या महिन्याच्या प्रभाग संघाच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या ॲपची यादी आणायची आहे. कुठलं ॲप, किती पैसे, कुठल्या तारखेला कापले जातात, कुणाच्या खात्यातून, आणि बँकेचा मेसेज कुणाच्या नंबरवर येतो. ज्यांना फोनमध्ये ऑटोपेची यादी कुठे असते ते सापडत नाही, त्यांनी बैठकीच्या अर्धा तास आधी या. मसाल्याच्या गटातल्या वही लिहिणाऱ्या ताई दाखवतील.